जुना लॅपटॉप घेताना

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश झाला, की घरात पुढचा विषय निघतो लॅपटॉपचा. धड नवा लॅपटॉप म्हटला की चाळीस-पन्नास हजार सहज जातात. अशा वेळी स्वस्तातला नवा, तकलादू लॅपटॉप घेण्यापेक्षा ऑफिसमधून निघालेला चांगला जुना लॅपटॉप घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तो हातात घेऊन, चालवून, तपासूनच घ्यायचा.

हे लॅपटॉप येतात कुठून

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप घाऊक घेतात, बरेचदा लीजवर. तीन-चार वर्षांनी करार संपला की तो अख्खा लॉट बाजारात उतरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड ही त्याची जुनी ठिकाणं. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोवोचे थिंकपॅड असा हा माल असतो. बिजागऱ्या भक्कम, कीबोर्ड टिकाऊ, आणि सुटे भाग अजून मिळतात.

सेकंडहँड म्हणजे आहे तसा. रिफर्बिश्ड म्हणजे तपासून, दुरुस्त करून, थोडीफार वॉरंटी देऊन विकलेला. दुकानदाराचा ‘ए ग्रेड’ बहुधा बाहेरच्या दिसण्याचा असतो. आतल्या बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही.

नुसत्या ‘आय फाइव्ह’वर भुलू नका

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणून जाहिरातीत ‘आय फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी’ एवढंच लिहिलं असेल, तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा. ८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. १०२१०यू असेल तर दहावी.

फरक किती पडतो? सातव्या पिढीतला आय सेव्हन ७६००यू दोन कोरचा आहे आणि आठव्या पिढीतला आय फाइव्ह ८२५०यू चार कोरचा. नाव मोठं असूनही पहिला मागे पडतो. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ ही मॉडेलं आठव्या पिढीत मिळतात, पण त्यांतल्या काहींत सातव्या पिढीचाही प्रोसेसर असतो. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ उघडून नंबर स्वतः वाचा.

रॅमही विचारा. टी४८० मध्ये ती पुढे वाढवता येते. एक्स१ कार्बनमध्ये ती बोर्डावरच डकवलेली असते, म्हणजे आज आहे तेवढीच कायम.

कुलूप राहिलं आहे का?

बहुतेक गिऱ्हाइकं इथेच फसतात. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि बायोस उघडा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. पासवर्ड मागितला तर तो काढून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं कुलूप लपलेलं असतं. विंडोज रीसेट करून वाय-फाय जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलंच लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. फॉरमॅट मारून ही नोंद जात नाही; ती कंपनीनेच काढावी लागते. मॅकबुक घेताना आधीच्या मालकाने ॲक्टिव्हेशन लॉक काढल्याची खात्री करा.

बॅटरी

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या. तयार झालेल्या रिपोर्टमध्ये दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ६०,००० आणि दुसरा ३९,००० आला, तर बॅटरीत ६५ टक्के जीव उरला आहे. याहून कमी असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, दोन्हींचे आकडे बघा. टचपॅड वर आलेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो लॅपटॉप सोडून द्या.

बाकी कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा, पांढऱ्या स्क्रीनवर डाग बघा, सगळे पोर्ट तपासा आणि अर्धा तास व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐका.

बिल आणि घरी आल्यावर

सीरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या. तो नंबर लॅपटॉपखालच्या स्टिकरशी आणि बायोसमधल्या नंबराशी जुळला पाहिजे. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून हे. घरी आणल्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून ते नव्याने टाका. दुकानदाराने क्रॅक केलेलं विंडोज भरलेलं असेल तर तेही जाईल. अस्सल लायसन्स बहुधा मशीनमध्येच नोंदलेलं असतं आणि इंटरनेट मिळालं की आपोआप लागू होतं.

बजेट अगदीच कमी असेल आणि सहाव्या पिढीचा लॅपटॉपच परवडत असेल, तर त्यावर लिनक्स मिंट टाका. अभ्यास, कोडिंग आणि ऑनलाइन लेक्चर त्यावर व्यवस्थित चालतात.