सुतळीने ओवलेला खेळ

संगणकावर खेळ रचणे हे विज्ञान शाखेचे काम, आम्हां कलाशाखेवाल्यांचे नव्हे, असे मी मानीत असे. ‘ट्वाइन’ने हा समज पुसला. ट्वाइन म्हणजे सुतळी. ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली तयार केलेले हे साधन विनामूल्य मिळते. प्रत्येक प्रसंग एका चौकटीत लिहायचा. त्यातला एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसांत घातला, की पुढच्या प्रसंगाची चौकट आपोआप उमटते आणि दोहोंना जोडणारा बाणही.

माझ्या खेळात शिकायला शहरात निघालेली मुलगी शेवटच्या एस.टी.पाशी उभी आहे. चढावे की घरी परतावे? खेळणाऱ्याने ठरवायचे. आईने तिला तीनदा घरी आणले. चौथ्यांदा मात्र गाडीत बसवले. नुसती कथा लिहून आईचे मन मला असे कळले नसते.