मीठ कसे पिकते आणि ते कसे पारखावे

सुकी मासळी, लोणचे, बर्फ आणि कच्ची कातडी या सर्व धंद्यांत मीठ लागते. ते आपण गोणीवर घेतो आणि भाव तेवढा विचारतो. पण गोणीत मीठ किती आणि पाणी किती, याची चौकशी सहसा होत नाही. ती करायची तर मीठ कसे तयार होते, हे प्रथम समजून घ्यावे लागेल.

मीठ तयार करण्याला मिठागरावर ‘मीठ पिकविणे’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. ही ऊन-वाऱ्याची शेतीच होय. एक हजार लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 किलो क्षार असतात. त्यांपैकी खाण्याचे मीठ सुमारे 27 किलो. बाकीच्यात मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम वगैरे पदार्थ येतात. मिठागरवाल्याचे सारे कसब हे दोन भाग वेगळे करण्यात आहे.

उधाणाच्या भरतीचे पाणी खाडीतून मोठ्या तळ्यात घेतात. तेथे गाळ खाली बसतो. मग ते पाणी एकामागून एक उथळ वाफ्यांत फिरवितात. उन्हाने पाणी उडते आणि उरलेले घट्ट होत जाते. हा घट्टपणा बोमे मीटरने मोजतात. समुद्राचे पाणी साधारण 3 अंशांचे असते. वाटेत जिप्सम खाली बसते. सुमारे 25 अंशांवर, म्हणजे पाणी मूळच्या एक दशांशावर आले की, मिठाचे खडे धरू लागतात. अशा वेळी ते शेवटच्या वाफ्यांत असावे लागते. या वाफ्यांची जमीन आधी तुडवून, ठोकून घट्ट केलेली असते. नाही तर खारे पाणी जमिनीत मुरते आणि मिठात माती येते.

खरी परीक्षा पुढे आहे. पाणी 29-30 अंशांच्या वर गेले की मॅग्नेशियमचे क्षारही मिठाबरोबर येऊ लागतात. हे उरलेले कडू पाणी वेळीच काढून टाकावे लागते. जास्त माल मिळावा म्हणून ते तसेच आटू दिले, तर वजन वाढते पण मीठ कडवट होते आणि सतत ओलसर राहते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेल्यावरच पाणी ओढते. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र 33 टक्क्यांच्या आसपासच ओढू लागते. कोकणच्या पावसाळ्यात अशा मिठाची गोणी पाझरणारच.

खरेदी करताना एक साधी परीक्षा करावी. गोणीच्या मधल्या भागातून एक किलो मीठ घ्यावे, ताटात पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवावे आणि पुन्हा तोलावे. जेवढे वजन घटले तेवढे आपण पाणी विकत घेतले. 900 ग्रॅम भरले तर दहा गोण्यांच्या पैशात नऊच गोण्या मीठ आले. उन्हाळ्यातही मीठ हाताला चिकटत असेल व कडवट लागत असेल, तर ते कडू पाण्याचे समजावे. पावसाळ्यापूर्वी, निथळलेल्या जुन्या राशीचा माल घेणे फायद्याचे.

कातडी व मासळीच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिठागराच्या घट्ट पाण्यात मिठावरच जगणारे लाल सूक्ष्म जंतू असतात, ते मिठाबरोबर येतात. उष्ण, दमट गोदामात ते वाढले की कातड्यावर व खारवलेल्या मासळीवर लाल डाग पडतात आणि माल उतरतो. म्हणून एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरू नये आणि गोदाम कोरडे व हवेशीर ठेवावे.

कायद्याची बाजूही पाहावी. 2006 पासून खाण्यासाठी विकले जाणारे मीठ आयोडीनयुक्त असणे सक्तीचे आहे. माल टिकविण्यासाठी, जनावरांसाठी किंवा कारखान्यासाठी साधे मीठ विकता येते, पण गोणीवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. कातड्यासाठी आणलेली गोणी फोडून ते मीठ खाण्यासाठी सुटे विकणे हा गुन्हा आहे. गिऱ्हाइकाच्या घरातील लेकरांच्या आरोग्याशी हा खेळ होय.

आज देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक मीठ गुजरातेत पिकते. आपल्याकडील उरण, पेण, वसईची मिठागरे मागे पडली. जी उरली आहेत त्यांचा हंगाम पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांचा असतो. एक अवकाळी सर आली की वाफ्यांतील मीठ विरघळते आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते. म्हणून कोरडे, स्वच्छ मीठ देणाऱ्या आगरवाल्याने किलोमागे चार पैसे जास्त मागितले, तर घासाघीस करण्यापूर्वी एकदा उन्हात तोलून पाहावे. पुष्कळदा तोच सौदा स्वस्त निघतो.