‘समजलं का?’ ‘होऽऽ!’

वर्गाच्या आत : लेखांक ६

बाई फळ्यावर उदाहरण सोडवतात, खडू ठेवतात, हात झटकतात आणि विचारतात, ‘समजलं का?’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘होऽऽ बाई!’ या ‘हो’मध्ये आपण सगळ्यांनीच कधी ना कधी आवाज मिसळलेला आहे, त्यामुळे तो कसा येतो हे वेगळं सांगायला नको. ज्याला कळलेलं नसतं त्याला बरेचदा तेवढंही कळलेलं नसतं. बाई सोडवत होत्या तेव्हा सगळं सोपंच दिसत होतं. ज्याला थोडी शंका असते तो शेजारच्याकडे बघतो, शेजारचा ‘हो’ म्हणतोय म्हटल्यावर आपणही म्हणून टाकतो. आणि समजा कुणी धीर करून ‘नाही’ म्हणालाच, तर लगेच पुढचा प्रश्न येतो : ‘काय नाही समजलं?’ ते नेमकं सांगता आलं असतं तर निम्मं समजलंच असतं की!

म्हणजे या प्रश्नातून बाईंच्या हाती काहीच लागत नाही. धडा पोचला असं मात्र वाटतं. गफलत उघडी पडते ती थेट घटक चाचणीत, आणि तोवर वर्ग भागाकारावर गेलेला असतो.

याच जातीची आणखी एक सवय आपल्या वर्गांत मुरलेली आहे : अर्धा शब्द शिक्षकाने म्हणायचा, उरलेला वर्गाने. ‘पानांमध्ये असतं हरित...?’ ‘द्रव्य!’ ‘आणि पान तयार करतं अ...?’ ‘न्न!’ तपासणीला आलेल्या साहेबांना वर्ग फार चुणचुणीत वाटतो. प्रत्यक्षात मुलं विज्ञानाचं नव्हे, शब्दकोड्याचं उत्तर देत असतात, तेही पुढच्या दोन बाकांवरची. मागचे ओठ हलवतात.

गेल्या भागात फळ्यावर काय आणि किती लिहावं ते पाहिलं. या वेळचा प्रश्न असा, की मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते तास चालू असतानाच शिक्षकाला कसं कळावं. माझ्या मते चांगल्या शिकवण्याची निम्मी मदार यावर आहे. भाषेचं प्रभुत्व, साहित्य, तक्ते, हल्लीचे स्मार्ट टीव्ही हे सगळं त्यानंतर येतं.

उपाय जुनाच आहे आणि दप्तरात आहे. पाटी. आता ती काळ्या दगडाची नसून प्लास्टिकची असते, पण काम तेच करते. पद्धत अशी : बाई एक उदाहरण सांगतात, प्रत्येकाने आपल्या पाटीवर सोडवायचं, झालं की पाटी उलटी करून छातीशी धरायची. सगळ्यांचं होईपर्यंत कुणी दाखवायचं नाही. मग ‘पाट्या वर!’ म्हटलं की तीस पाट्या एकदम वर. यातली छातीशी धरायची पायरी सोडून चालत नाही. ती नसली की हुशार मुलाची पाटी आधी वर जाते, मागची चार मुलं ओल्या बोटाने आपलं उत्तर पुसतात आणि त्याचं लिहितात. बाईंना मग तीस पाट्यांवर एकाच पोराचं डोकं दिसतं.

आता पाट्यांवर काय दिसतं ते जवळून बघू. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी, उदाहरण ६३ वजा २८. बरोबर उत्तर ३५. बऱ्याच पाट्यांवर ३५ आहे, काहींवर ४५. बाईंना वाटतं, ४५वाल्यांची एकच चूक झालेली दिसते. तसं असेलच असं नाही. एक मूल म्हणतं, तीनातून आठ जात नाहीत, मग आठातून तीन गेले पाच. सहातून दोन गेले चार. म्हणजे हातचा ही भानगडच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही, दिसेल त्या मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा एवढंच त्याला माहीत. दुसरं मूल दशक सुटा करतं, तेरातून आठ काढून पाच बरोबर लिहितं, पण वरच्या सहाचे पाच झाले हे विसरतं. त्याचेही पंचेचाळीसच येतात. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन मुळापासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला सहावर काट मारून पाच लिहायची सवय लावली की काम झालं. उत्तर एक, आजार दोन आणि औषधंही दोन.

यात दोष मुलांइतकाच उदाहरणाचा आहे. एककाच्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन मिळतात. त्याऐवजी ६१ वजा २३ घाला. बरोबर उत्तर ३८. उलट वजा करणाऱ्याचे येतात ४२, सहाचा पाच करायला विसरणाऱ्याचे ४८. आणि एखाद्या पाटीवर २८ दिसले तर चक्रावून जाऊ नका, त्या घरी बहुधा आजोबा अभ्यास घेतात. जुन्या पिढीतल्या अनेकांची रीत वेगळी होती : एकातून तीन जात नाहीत, अकरातून तीन गेले आठ, हातचा एक, दोन नि एक तीन, सहातून तीन गेले तीन. वरचा दशक तसाच ठेवायचा आणि खालच्यात एक मिळवायचा. रीत पक्की आहे, उत्तर ३८च येतं. शाळेत मात्र वरच्याचा एक कमी करायला सांगतात. दोन्ही रीती अर्ध्या अर्ध्या कानावर पडलेलं मूल वरचाही कमी करतं, खालचाही वाढवतं आणि २८वर जातं. त्या मुलाला ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. त्याने दोघांचंही ऐकलं.

मुलं वाट्टेल तशी चुकत नाहीत, काहीतरी नियम धरून चुकतात, हे अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं. त्यांच्यापुढे निकाराग्वातल्या १,३००हून जास्त मुलांनी सोडवलेल्या वजाबाक्या होत्या. कोणता चुकीचा नियम धरला तर नेमकी हीच चुकीची उत्तरं येतील, हे त्यांनी संगणकाकडून शोधून घेतलं. असे चुकीचे नियम डझनांनी निघाले. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलांनाच वजाबाकी जमली होती. उरलेल्या दोनतृतीयांश मुलांना ‘वजाबाकी येत नाही’ एवढंच म्हणून आपण पुढे जातो. कुणाचं कुठे अडलंय हे विचारायला हवं, आणि ते विचारणारं उदाहरण आधी घरी बसून तयार करायला हवं. गाइडमधलं पहिलं उदाहरण उचलून ते होत नाही.

गणितातच हे जमतं असं नाही. शंभर ग्रॅम पाण्यात दहा ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलं, आता वजन किती? शंभरच, म्हणणारी मुलं पुष्कळ निघतात. दिसत नाही म्हणजे गेलं. हा एक प्रश्न विरघळण्याच्या व्याख्येपेक्षा जास्त सांगून जातो. सहावीत ०.४ मोठे की ०.३५? ‘०.३५, कारण पस्तीस चारांपेक्षा मोठे’ ही चूक ओळखीची आहे. पण जे मूल ०.४ म्हणालं त्याचं बरोबर आहे असं धरून चालू नका. दशांशचिन्हापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या बारीक, असा समज करून घेतलेलं मूलही ०.४च म्हणेल. त्याला लगेच विचारा, ०.३ मोठे की ०.४२? तो ०.३ म्हणाला की पकडला.

आता तोंडी प्रश्नांकडे. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं घड्याळ लावून ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब आणि जास्त विचारांची येऊ लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि ज्यांना शिक्षकांनी मठ्ठ ठरवलं होतं अशी मुलंही बोलू लागली. रो यांना दिसलेली आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. शिक्षक वर्गातल्या वरच्या पाच मुलांसाठी सुमारे दोन सेकंद थांबत होते आणि खालच्या पाचांसाठी जेमतेम एक. ज्याला वेळ हवा त्यालाच तो कमी मिळत होता.

तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत. उभ्या वर्गासमोर ते फार मोठे होतात, कारण ‘सर मी, सर मी’ करत हात वर येतात आणि आपल्याला नाही म्हणवत नाही. यावर काही शिक्षकांनी साधा तोडगा काढलाय. प्रश्न विचारायचा आणि टेबलापासून खिडकीपर्यंत चालत जाऊन मगच नाव घ्यायचं. हात वर करायचेच नाहीत, असा नियम काहीजण करतात. डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात, निघेल त्याने सांगायचं. चिठ्ठी आधी काढून मग प्रश्न विचारला तर मात्र सगळं फुकट. नाव ऐकताच उरलेल्या एकोणतीस जणांची सुट्टी होते.

उत्तर आल्यानंतरही थांबायचं असतं, आणि ते याहून अवघड. मुलाने तोंड मिटायच्या आत आपल्या तोंडून ‘शाब्बास!’ किंवा ‘चूक!’ निघून जातं, तिथेच वर्गाचा विचार थांबतो. त्याऐवजी ‘बरं. आणखी कुणाला काय वाटतं?’ एवढंच, चेहऱ्यावर काही न दाखवता. ‘तू कसं केलंस ते सांग’ हेही फक्त चुकलेल्यालाच विचारू नये. पोरं बेरकी असतात. दोन दिवसांत त्यांना कळतं की ‘कसं’ विचारलं म्हणजे आपलं चुकलं, आणि ती लगेच उत्तर बदलतात. बरोबर उत्तरवाल्याला रोज विचारलं तर ‘कसं’ची दहशत जाते. शिवाय बरोबर उत्तरामागचं कारण चुकीचं असू शकतं, ते ०.४च्या वेळी पाहिलंच.

या विचाराला संशोधनाचा आधार नाही किंवा आपल्या सरकारी कागदांत जागा नाही असं कुणी म्हणू नये. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे २५० अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की तास चालू असताना मुलांचं कुठे अडतंय हे बघून शिकवणं बदललं तर शिकणं खरोखर वाढतं, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा लाभ जास्त होतो. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातलं ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणजे मुळात हेच. पण वर्गात त्याचं काय झालं? नोंदवही झाली. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि ‘गणिती क्रिया अचूक करतो’, ‘परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो’ ही वाक्यं सत्राच्या शेवटी रात्री जागून एकामागून एक उतरवली गेली. शिक्षकांना मी फारसा दोष देत नाही. ज्याची तपासणी होते ते काम आधी होतं, आणि तपासणी वहीची होत होती. पाट्या वर गेल्या तेव्हा बाईंनी काय पाहिलं आणि पुढच्या पाच मिनिटांत काय बदललं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता हरकती. वेळ जातो, अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही पहिली आणि खरी. पाट्यांच्या एका फेरीला पाचेक मिनिटं लागतात. तासाला एक पुरे, फक्त ती मोक्याच्या जागी हवी, जिथे हे कळल्याशिवाय पुढचं कळणारच नाही तिथे. वीस सोपी उदाहरणं फळ्यावरून उतरवून घेण्यात जाणारा वेळ कुणी मोजत नाही.

द्विशिक्षकी शाळेत अडचण निराळी. पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी आणि चौथी दुसऱ्या. तिसरीच्या पाट्या बघेपर्यंत चौथी काय करणार? तिथे चौथीला जोड्यांनी बसवून एकमेकांना समजावून सांगायचं काम देता येतं. चौथीच्या मुलांकडून तिसरीच्या चुका शोधून घेणंही जमतं, मात्र ‘त्याचं चुकलं’ म्हणायला बंदी आणि ‘त्याने काय विचार केला असेल’ हे सांगायची सक्ती. हे जमलेला वर्ग बघण्यासारखा असतो. पण दोन इयत्ता, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि त्यात एक शिक्षक प्रशिक्षणाला, अशा दिवशी यातलं काही होणार नाही, हेही मान्य करायला हवं.

हायस्कुलात साठ-सत्तर मुलं आणि पाटी बाळगायची लाज. तिथे चार पर्यायांचा प्रश्न आणि बोटं : पहिल्या पर्यायाला एक, चौथ्याला चार. हात छातीजवळ धरायचा, म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि शिक्षकाला दिसतो. पर्याय मात्र भरीचे नकोत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांचा एक खराखुरा गैरसमज हवा, नाहीतर बोटं मोजण्यात अर्थ नाही.

शिक्षक वाचकांसाठी एक उदाहरण देऊन थांबतो. ३०४ वजा १२८. बरोबर उत्तर १७६. काही मुलं २७६ लिहितात. त्यांचं कुठे चुकलं ते शोधा, आणि मुख्य म्हणजे त्यांना काय काय जमलंय तेही लिहून काढा. यादी वाटते त्यापेक्षा लांब निघेल. पुढच्या आठवड्यात विषय वह्या तपासण्याचा आहे. लाल पेनाने मारलेली फुली मुलाला नक्की काय सांगते, याची सुरुवात या २७६पासूनच करू.