छापण्याजोगे अक्षर कोण ठरवते?

‘चंद्रपूर’ या नावात अक्षरे किती? पहिलीतले पोरही चार सांगेल. पायथॉन ही संगणकभाषा आठ सांगते, कारण अनुस्वार, हलन्तचिन्ह आणि ऊकार तिच्या लेखी वेगळे. पाच अक्षरांचे ‘गडचिरोली’ही तिथे आठच भरते. युनिकोड या जागतिक यादीत अशा प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. ‘र’चा ०९३०. संगणक साठवतो तो हाच क्रमांक.

पडद्यावर मात्र तो दोन तऱ्हांनी येतो. मजकूर सरळ छापायला सांगितला, तर अक्षर उमटते. तोच मजकूर यादीत ठेवून यादी छापली, तर पायथॉन तो प्रोग्रामरला तपासता येईल असा दाखवते. नवी ओळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या जागी बॅकस्लॅश आणि ‘एन’. टॅबसाठी बॅकस्लॅश आणि ‘टी’. जे चिन्ह छापण्याजोगे नाही, त्याचा नुसता क्रमांक.

छापण्याजोगे काय, हे भाषेची आवृत्ती ठरवते. पायथॉन २ मध्ये अशा यादीत सगळी देवनागरी क्रमांकांतच दिसे. २००८ अखेर पायथॉन ३ आले आणि मराठी अक्षरे जशीच्या तशी उमटू लागली.

गोंडीला आणखी दहा वर्षे थांबावे लागले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. गडचिरोलीत गोंडी आजही घराघरांत बोलली जाते. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी घडवलेली लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ साली. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली लिपी आली २०१८ च्या जूनमध्ये. पायथॉन ३.६ कडे त्याआधीची यादी असल्याने दोन्ही लिप्यांची अक्षरे तिला अनोळखी. ती क्रमांकच दाखवी. त्याच जूनमध्ये नवी यादी घेऊन ३.७ आली आणि प्रोग्रामची एकही ओळ न बदलता अक्षरे छापण्याजोगी ठरली.

अर्थात पडद्यावर ती दिसायला फॉन्टही हवा. तो नसेल तर रिकामे चौकोन येतात. म्हणून गोंडी किंवा मराठी मजकुराऐवजी भलतेच काही दिसले, तर घाईने पुसू नये. बॅकस्लॅशमागचे क्रमांक असोत की चौकोन, आतला मजकूर सहसा शाबूत असतो. ओळीने प्रश्नचिन्हे उमटली असतील, तर मूळ फाइल आधी शोधावी. रूपांतरात अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर त्या प्रतीतून ती परत मिळत नाहीत.