विन्स्टनच्या हातातला कागद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. अडखळणं तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आज जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४'चा नायक, विन्स्टन स्मिथ. कादंबरी १९४९ची. मागच्या वेळी मी त्याला 'सेन्सॉरशिपचा बळी' म्हणून मोकळा झालो होतो. पुस्तक पुन्हा वाचलं आणि वाटलं, घाई केली आपण. कारण विन्स्टन बळी आहेच, पण तो नोकरीला कुठे आहे? सत्य मंत्रालयात. काम काय? जुने पेपर दुरुस्त करणं. सरकारचा अंदाज चुकला की अंदाजच बदलायचा. एखादा माणूस नकोसा झाला की जुन्या अंकातून त्याचं नाव काढायचं आणि मूळ कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, खाली भट्टी आहे. म्हणजे आपला नायक स्वतःच सेन्सॉर आहे. आणि गंमत बघा, त्याला हे काम आवडतं! एका जागी तो ओगिल्वी नावाचा अख्खा शहीद कल्पनेतून उभा करतो, त्याचं बालपण, त्याचं मरण, सगळं. कारागिराला होतो तसा आनंद होतो त्याला.

मग स्वातंत्र्याची ओढ कुठून येते? माझ्या मते एका कागदापासून. काही वर्षांपूर्वी कामाच्या गठ्ठ्यात चुकून त्याच्या हाती पेपरचं एक कात्रण आलेलं असतं. तीन जुन्या नेत्यांनी गुन्हा कबूल केलेला असतो, की अमुक दिवशी आम्ही शत्रूच्या मुलखात होतो. कात्रणातला फोटो सांगतो की त्या दिवशी ते न्यूयॉर्कला होते. सरकारच्या खोटेपणाचा पुरावा, हातात! विन्स्टन काय करतो? थोडा वेळ चेहरा कोरा ठेवून बसतो आणि कागद भोकात टाकून देतो. कोणी सांगितलेलं नसतं. पुढे तो चोरून वही घेतो, टेलिस्क्रीनला दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसून डायरी लिहितो, ती मला त्या कागदाची भरपाई वाटते. आणि वहीवर तारीख घालताना त्याला सालाचीसुद्धा खात्री नसते. जुने पेपर बदलणाऱ्यालाच साल माहीत नाही.

आता हे सगळं लंडनचं, आपल्याला काय, असं म्हणाल. तर गाडी काढा आणि नागपूर रस्त्याने पवनारला जा.

१७ ऑक्टोबर १९४०. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवलं. विनोबा पवनारला उभे राहिले आणि युद्धाविरुद्ध बोलले. मागणी नेमकी हीच होती: युद्धाविरुद्ध बोलण्याचं स्वातंत्र्य. चार दिवसांत अटक. या सत्याग्रहाच्या बातम्या आधी दाखवून घ्या, असा दट्ट्या 'हरिजन'वर आला, तेव्हा गांधीजींनी कापलेला अंक काढण्यापेक्षा पेपरच बंद ठेवला. विन्स्टनच्या बरोबर उलटं बघा. कागद भोकात टाकायचा नाही, बदलायचाही नाही. जागा रिकामी ठेवायची, म्हणजे लोक विचारतील की का रिकामी.

पण पवनारची गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून तर ती सांगतोय. २५ जून १९७५ला आणीबाणी लागली. (ऑर्वेलचा जन्मही २५ जूनचाच, १९०३, बिहारमधल्या मोतिहारीचा. योगायोगच, दुसरं काही नाही.) तेव्हा विनोबांचं वर्षाचं मौन चालू होतं. त्यांनी 'अनुशासन पर्व' एवढंच सूचित केलं, आणि सरकारने ते दोन शब्द पोस्टरवर चढवले. डिसेंबरात मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला: अनुशासन असतं आचार्यांचं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन. खुलासा पोस्टरवर आला नाही. ऑर्वेलची न्यूस्पीक मला इथे समजली. शब्द बंद करावाच लागतो असं नाही, त्याचा अर्थ काढून घेतला तरी भागतं. मौनात असलेल्या माणसाने इतका मोठा शब्द मोकळा सोडायला नको होता, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

आणि जून १९७६मध्ये त्याच आश्रमात पोलीस आले. आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात, गोहत्याबंदीसाठी विनोबा ११ सप्टेंबरपासून उपोषण करणार, अशी घोषणा छापली होती. अंक जप्त झाले. ज्याचा शब्द सरकारने भिंतीभिंतीवर लावला होता, त्याचाच शब्द छापायला बंदी!

सगळेच गप्प होते असं नाही हं. 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकाचे मजकूर सेन्सॉरने अडवले, तर मिनू मसानी कोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९७६मध्ये मुंबई हायकोर्टाने ती बंदी बेकायदा ठरवली. म्हणजे आणीबाणीतही एखादा कागद भोकातून परत काढता येत होता. विन्स्टनला तशी कोर्टाची पायरी नाही, हा त्याच्यातला आणि आपल्यातला मोठा फरक. शेवटी तो मोडतो, बिग ब्रदरवर प्रेम करायला लागतो, आणि वाचणारा त्याच्यावर चिडतो. मीही चिडलो होतो. पण मोडायला सुरुवात उंदरांच्या त्या खोलीत झाली की त्या कात्रणाच्या दिवशी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.