एकाच घरातले दोन सूर

वाचकहो, बालपणापासून एका सुरात गाणाऱ्या दोन भावांमध्ये अबोला कितीसा टिकेल, असे आपणांस वाटेल. अमेरिकेतील एव्हर्ली बंधूंमध्ये तो दहा वर्षे टिकला.

थोरला डॉन १९३७ चा, धाकटा फिल १९३९ चा. वडील आइक हे केंटकीच्या कोळशाच्या खाणीत राबलेले, पण गिटार उत्तम वाजविणारे. आयोवातील शेनंडोआच्या नभोवाणीवर सारे कुटुंब गात असे. १९५७ साली ‘बाय बाय लव्ह’ या गीताने दोघा भावांचे नाव देशभर झाले.

आपल्याकडे दोघे गवई एकत्र गातात तेव्हा स्वर एकच असतो, किंवा एकामागून दुसरा येतो. हे दोघे एकाच वेळी दोन निराळे स्वर लावीत. डॉन षड्जावर, तर फिल बहुधा गांधारावर. शब्द, श्वास आणि उच्चार मात्र एकच! फिलची वरची ओळ वेगळी काढली तरी ती स्वतंत्र चाल वाटावी. (गोव्याचा मांडो ऐकलेल्यांना ही रीत अनोळखी वाटणार नाही.) लिव्हरपूलच्या बीटल्सनीही हा धडा गिरविला.

अखेर ही एकजीवताच जाचली असावी. जुलै १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कार्यक्रमात फिलने गिटार आपटून फोडली आणि तो निघून गेला; उरलेला कार्यक्रम डॉनने एकट्याने पुरा केला. १९७५ मध्ये वडील वारले, तरीही समेट घडला नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मात्र ते पुन्हा शेजारी उभे राहिले व आपली जुनी गाणी गायले. पुढल्याच वर्षी बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांनी त्यांच्यासाठी ‘ऑन द विंग्ज ऑफ अ नाइटिंगेल’ हे गीत रचले. शिष्याची गुरुदक्षिणाच म्हणा ना! तथापि आम्हांस अधिक हृद्य वाटते ती १९६८ ची ‘रूट्स’ ही तबकडी. तीत त्यांनी आपल्या कुटुंबाच्या १९५२ मधील नभोवाणी-कार्यक्रमाचे तुकडे गुंफले आहेत. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची त्या आवाजांना गंधवार्ताही नाही.

२००३ च्या दौऱ्यात सायमन आणि गारफंकल या दुसऱ्या दुरावलेल्या, पुन्हा एकत्र आलेल्या जोडीने या भावांना आपल्या मंचावर बोलाविले. ‘बाय बाय लव्ह’ तेव्हा चौघांनी मिळून गाइले. फिल २०१४ मध्ये वारला, डॉन २०२१ मध्ये.