कोल्हापूरकराने कोणता रणगाडा बांधावा?

प्लास्टिकच्या सुट्या भागांपासून महायुद्धकालीन रणगाड्यांच्या हुबेहूब लघुप्रतिकृती बांधण्याचा छंद आपल्याकडे अद्याप पोरखेळाच्या सदरातच जमा होतो. परंतु ज्या नगरीत बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चलच्चित्रांचा कॅमेरा स्वहस्ते घडवला आणि ज्या नगरीच्या उद्यमनगरात वितळलेल्या लोखंडाला आकार देण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या घरोघर नांदली, तेथे तरी हाताच्या कसबाकडे पाहण्याची दृष्टी याहून उदार असावी, अशी अपेक्षा बाळगणे गैरवाजवी ठरू नये.

या छंदाचा मूळ सरंजाम साधा आहे. पेटीत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो भाग, रबरी अथवा तुकड्यातुकड्यांचे पट्टे, चिन्हांचा एक पातळ कागद आणि क्रमवार आकृत्यांचे सूचनापत्रक, एवढाच ऐवज निघतो. प्रतिकृती मूळ यंत्राच्या किती पट लहान, हे प्रमाण पेटीवरच छापलेले असते, आणि रणगाड्यांच्या बाबतीत १:३५ हे प्रमाण जगन्मान्य झाले आहे. त्याची जन्मकथा मात्र शास्त्रीय मुळीच नाही. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१ च्या अखेरीस जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले, तेव्हा खेळणे चालावे म्हणून त्याच्या पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या बसवावयाच्या होत्या. त्या जेवढ्या अंगात मावतील तेवढे अंग ठरवले, मागाहून हिशेब केला तो सुमारे पस्तिसावा भाग निघाला, आणि पुढे अवघ्या जगातील कारखानदारांनी तो हिशेब शिरसावंद्य मानला. यांखेरीज १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे आहेत. ज्यांच्या घरी कपाटात जागा बेताची आहे त्यांनी १:७२ कडे वळावे. पण नवशिक्याच्या बोटांना आणि चष्म्याला १:३५ च अधिक सोसते.

खरा पेच निवडीचा आहे. दुकानाच्या फळीवर नजर टाकली तर जर्मनांचे टायगर आणि पँथर यांचेच साम्राज्य दिसते, मित्रराष्ट्रांची वाहने कोपऱ्यात. वस्तुतः पहिल्या जातीचे टायगर उणेपुरे साडेतेराशे तयार झाले, तर अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांची संख्या एकोणपन्नास हजारांच्या पलीकडे गेली. टायगरच्या दर्शनी दबदब्याने भुलून जाणे मनुष्यस्वभावाला धरून असले, तरी ज्या मुलखाशी, ज्या माणसांशी आपला काही ऋणानुबंध आहे, त्यांचे यंत्र बांधावे, या मताचा मी आहे. आणि कोल्हापूरकराला असा ऋणानुबंध शोधण्यासाठी गावाबाहेर फार लांब जावे लागत नाही.

वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियाने आपल्या ताब्यातील पूर्व पोलंडमधून जी कुटुंबे सैबेरियाकडे हद्दपार केली, त्यांपैकी काही १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतील सुमारे पाच हजार जीवांना, मुख्यत्वे स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना, करवीर संस्थानच्या या भूमीत आसरा मिळाला. त्याच वाटेने सुटलेले धडधाकट पुरुष जनरल अँडर्स यांच्या फौजेत दाखल झाले होते. म्हणजे छावणीतल्या अनेक घरांतील बाप, भाऊ आणि पती ज्या फौजेत होते, ती १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील माँटे कॅसिनोच्या डोंगराला भिडली, आणि तिच्याबरोबर पोलंडच्या ‘स्कॉर्पियन’ नावाच्या चौथ्या चिलखती रेजिमेंटचे शर्मन रणगाडेही तो चढ चढू लागले. ज्या डोंगरी मार्गाने हे रणगाडे वर गेले, त्यातील एक मोठा टप्पा दोनच महिन्यांपूर्वी चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, न्यूझीलंडच्या सॅपर्सबरोबर खपून रणगाड्यांच्या जोगता रुंद केला होता! मार्चमध्ये त्या वाटेने गेलेला हल्ला फसला. पोलिश सॅपर्सनी मे महिन्यात काम पुढे नेले. ‘स्कॉर्पियन’चा एक शर्मन सुरुंगांवर जाऊन फुटला, आतील पाचही जण ठार झाले, आणि त्याच मोडक्या सांगाड्यात पट्ट्यांच्या कड्यांचा क्रूस उभारून त्याचे स्मारक करण्यात आले. ते आजही तेथे आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात या निर्वासितांचे स्मारक आहे, आणि वॉर्सा शहरात माँटे कॅसिनोच्या स्मारकालगतच वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक २०१७ मध्ये बसवण्यात आला. पोलिश लोकांनी ही दोन नावे शेजारी ठेवली, त्यामागचा हिशेब आपल्यालाही सहज उमगावा.

तेव्हा ‘स्कॉर्पियन’चा शर्मन बांधावयाचा हे ठरले. परंतु पेटीवर ‘शर्मन’ एवढेच वाचून पैसे मोजणारा गिऱ्हाईक हमखास फसतो, कारण शर्मन म्हणजे एक यंत्र नव्हे, एक मोठे खटले आहे. एम ४ ए १ चे अंग संपूर्ण ओतीव, म्हणून गोलसर; एम ४ ए ४ मध्ये पाच मोटारींची इंजिने एकत्र जुंपलेली, म्हणून अंग लांबट; आणि कॅसिनोच्या पोलिश तुकडीकडे होता तो एम ४ ए २, म्हणजे वेल्डिंग केलेल्या अंगाचा आणि जुळ्या डिझेल इंजिनांचा. मागील भागाची जाळी पाहून हा भेद ओळखता येतो. हा रणगाडा १:३५ प्रमाणात साधारण सतरा सेंटिमीटर लांब होतो.

बांधणीत घाई नको. भाग चौकटीतून ओढून न काढता निपरने तोडावा, दांडीचा बुडखा कानशीने घासावा. प्लास्टिकचे सिमेंट हा डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवते आणि एकजीव करते, म्हणून ते थेंबाने वापरावे. जर्मन रणगाड्यांचे पट्टे चाकांवर सैल झोळ खातात, शर्मनचा मात्र वरच्या बाजूस बराचसा ताठ असतो, हे ध्यानात ठेवावे. पण उद्यमनगरातील माणसाला सर्वांत रस वाटावा असे काम आहे ते टरेटचे, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाचे. मूळ टरेट ओतकामाचा होता, आणि वाळूच्या साच्यातून निघालेला पृष्ठभाग कधीच गुळगुळीत नसतो, हे फौंड्रीत काम केलेल्याला कोणी सांगावयास नको. किटमधील टरेट बहुधा अति सफाईदार निघतो; त्यावर पातळ केलेली पुट्टी राठ कुंचल्याने टोचून टोचून लावावी, वाळल्यावर हलकेच घासावी, म्हणजे त्याला लोखंडाची कळा येते. दुकानात विकत मिळणाऱ्या कोणत्याही पितळी शोभेच्या जोडसामानापेक्षा ही अर्ध्या तासाची मेहनत मला अधिक मोलाची वाटते.

रंगकामाला कोल्हापूरचा पावसाळा वैरी आहे. दमट हवेत लॅकर फवारला की रंगावर पांढुरकी झाक धरते. तेव्हा जून ते सप्टेंबर जोडकाम करावे आणि एअरब्रशला दसऱ्यानंतरच हात लावावा. मूळ छटेपेक्षा रंग किंचित उजळ घ्यावा, कारण एवढ्याशा वस्तूवर अस्सल छटाही काळवंडलेली दिसते. चिन्हांची डिकल्स चिकटवण्यापूर्वी चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा, नाहीतर खाली हवा राहून ती रुपेरी दिसतात. वॉर्साची मत्स्यकन्या ही अँडर्स यांच्या पोलिश कोअरची, म्हणजे त्याच फौजेची, निशाणी खरी, पण म्हणून ती मनाला येईल तेथे लावू नये. ज्या एका रणगाड्याची प्रतिकृती करावयाची त्याचे तत्कालीन छायाचित्र हाच दस्तऐवज मानावा आणि त्याबरहुकूम चालावे. चिखलाच्या बाबतीत आपली सवय आड येते. पंचगंगेकाठचा काळा गाळ डोळ्यांसमोर असलेला माणूस चाके काळीकुट्ट करून टाकतो. कॅसिनोचा डोंगर चुनखडीचा, तेथील धूळ फिकट, आणि मे महिना कोरडा.

प्रत्यक्ष रणगाडा पाहिल्यावाचून ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी अहिल्यानगरचे १९९४ साली स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय गाठावे. तेथे शर्मन आहे, चर्चिल आणि व्हॅलेंटाइन आहेत, हस्तगत केलेले पॅटन आहेत. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले, तो ‘फॅमागुस्टा’ही नगरच्याच लष्करी संस्थेत जतन केलेला आहे, आणि दुसरी प्रतिकृती कशाची करावी हा प्रश्न त्याने परस्पर सोडवला आहे. शर्मनपाशी मात्र थोडे रेंगाळावे आणि ओतीव भागांवर कारखान्याचे उठावदार आकडे दिसतात का ते न्याहाळावे. किटमध्ये ते बहुधा नसतात. हौशी लोक वेगळे विकत घेऊन एकेक चिकटवतात, आणि पहिल्याच प्रतिकृतीवर ते नसले तरी कोणाचे काही अडत नाही.